पोखरीच्या घाटातला वास

वास पहिल्यांदा आला तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि आई मागच्या सीटवर डावा पाय लांब करून बसली होती. डिंभ्याचं धरण मागे पडून पोखरीचा घाट सुरू झाला होता. पुढे भीमाशंकरला निघालेली एक लक्झरी बस रखडत चढत होती आणि तिला ओलांडायचं धाडस माझ्यात नव्हतं. वास त्या बसचाच असणार असं धरून मी काच वर केली. वास आतच राहिला.

"काहीतरी जळतंय," आई म्हणाली.

"बसचं आहे."

पुढच्या वळणावर बस थांबली. कुणाला तरी उलटी होत होती. मी धीर करून गाडी पुढे काढली. आता रस्ता मोकळा होता, वारा समोरून येत होता, आणि वास तसाच, उलट जास्तच. रबराचा. चुलीत टायरचा तुकडा पडल्यावर सुटतो तसा, थेट टाळूला चिकटणारा.

मी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. बॉनेट उघडल्यावर काय बघायचं असतं ते मला माहीत नव्हतं, पण गाडी रस्त्यात थांबली की पुरुष आधी तेच करतात हे मी पाहिलं होतं. आत सगळं गरम होतं आणि सगळं जागच्या जागी दिसत होतं. धूर नव्हता, पाणी गळत नव्हतं. थोडा वेळ तशीच उभी राहिले. वास हळूहळू विरला. आईने खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं की शाळा भरायची वेळ झाली. आम्ही निघालो. वरचा सपाट रस्ता लागल्यावर वास पुन्हा आला नाही, आणि शाळेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी काही बोललो नाही.

न बोलण्याला कारण होतं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आमचं घर कळंबजवळ, हायवेपासून आत, शेतात. शाळा मात्र तालुक्याच्या पार पश्चिमेला, घाट चढून गेल्यावरच्या एका वाडीत. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. कित्येक वर्षं ती सकाळच्या एसटीने घोडेगावला आणि तिथून सीटं भरून निघणाऱ्या वडापच्या जीपने वर जात होती. जीपमध्ये आत जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर मागच्या फळीवर उभं राहून. त्या पावसाळ्यात त्याच फळीवरून तिचा पाय सटकला आणि गुडघ्यावर पडली. प्लास्टर निघालं तरी गुडघा पूर्ण वाकेना. सपाटीवर ती हळूहळू चालायची, पण जीपची उंच पायरी चढणं तिला जमेना.

पप्पांचं म्हणणं सरळ होतं. नोकरी पुष्कळ झाली, आता राजीनामा देऊन घरी बसावं. ते काही वाईट मनाने म्हणत नव्हते. ती पडल्याचा निरोप त्यांना टोमॅटोच्या तोडणीत मिळाला होता आणि ते तसेच चिखलाच्या पायांनी मंचरच्या दवाखान्यात आले होते. तिथल्या पांढऱ्या फरशीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटले आणि एक मावशी ते पुसत त्यांच्या मागे मागे फिरत होती, तरी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून आईच्या शाळेचा विषय निघाला की ते घाईघाईने बोलायचे आणि मग एकदम गप्प व्हायचे.

आईचं म्हणणंही सरळच होतं, फक्त ती ते मोठ्याने बोलत नसे. त्या वर्षी तिच्या शाळेतली तीन मुलं चौथीच्या स्कॉलरशिपला बसणार होती. त्या वाडीतून आजवर कुणीच बसलं नव्हतं. तिघांपैकी एका मुलीच्या आईलाही माझ्या आईनेच बाराखडी शिकवली होती. आई गेली असती तर उरलेल्या एकट्या सरांना चारही वर्ग सांभाळावे लागले असते.

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमात, आधी मंचरला, मग पुण्यात होस्टेलवर राहून. घरी परतल्यावर माझं काय करायचं ते मला कळत नव्हतं आणि घरच्यांनाही. गावात कुणी भेटलं की काय बोलावं ते मी मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला असायचा. गाडी चालवताना मात्र कुणाशी बोलावं लागत नाही. ती मला पप्पांनीच शिकवली होती, शेतातल्या रस्त्यावर, ट्रॅक्टर शिकवावा तशी. गाडी जुनी होती, पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेली. बाहेरून आले की पप्पा तिच्या बॉनेटवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचे.

एकदा जेवताना मी म्हणाले, "आईला मी सोडत जाईन."

पप्पांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "गाडीला आन् तुमा दोघींला काय झालं न्हाई, तर पुढचं पुढं बघू. काय झालं, तर बाई, तुमी घरी."

तेही आईला बाईच म्हणायचे. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, त्यांनी वेगळं काही शोधलं नव्हतं.

आता गाडीला काहीतरी झालं होतं, आणि ते पप्पांना कळलं की आईची शाळा संपणार होती.

दुसऱ्या दिवशी वास पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. कळंब ते मंचर काही नाही, मंचर ते घोडेगाव काही नाही, धरणाच्या कडेने जातानाही नाही. घाटात दोन-तीन वळणं झाली की यायचा. आई न बोलता तिच्या बाजूची काच खाली करायची, मी माझ्या बाजूची. घाट संपला की दोघी काचा वर करायचो. परतताना उतारावर वास नसायचा. घरी पोचेपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी असायची.

शहाणी मीच राहिले नव्हते. मला तो वास सगळीकडे येऊ लागला. ओढणीला, केसांना, हातांच्या तळव्यांना. स्वयंपाकघरात तव्यावर भाकरी करपली तरी मी दचकायचे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी मी तिच्याभोवती एक फेरी मारून नाक वर करून हुंगायचे, आणि पप्पा ओसरीवरून बघतायत असं वाटलं की चप्पल शोधल्यासारखं करायचे.

शाळा सुटेपर्यंत मी तिथेच थांबायचे. गाडी एका हिरड्याच्या झाडाखाली लावलेली असायची. खाचरांत भात पोटऱ्यात आला होता. वर्गातून पाढे ऐकू यायचे, आणि मधूनच आईचा आवाज, जो घरी कधी एवढा मोकळा लागायचा नाही. मी पुस्तक उघडून बसायचे आणि एकच पान वाचत राहायचे. मुलांची खिचडी शिजवणारी बाई एकदा पाण्याचा हंडा घेऊन गाडीजवळून जाताना थबकली. गाडी नुकतीच वर चढून आली होती.

"काय वं ताई, कुनाची चपल जाळली?"

मी हसले.

"नजर लागली गाडीला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने मीठ-मिरच्या आणून गाडीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही म्हणून तिने माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. त्या दिवशी परत येताना वास आला नाही, पण तो परत येताना कधीच यायचा नाही.

बातमी पप्पांपर्यंत जायला आमची गरज पडली नाही. घाटात वडापच्या एका जीपने आम्हाला ओलांडलं. तिच्या ड्रायव्हरने आमच्या बरोबरीला येऊन, एक हात बाहेर काढून सांगितलं, "ताई, क्लच जळतोय. पाय काढा त्याच्यावरनं." मागच्या फळीवर उभे असलेले दोघेजण वाकून माझ्या पायांकडे बघायला लागले, जणू ते दारातून दिसणार होते. हाच ड्रायव्हर आठवड्याच्या बाजारात पप्पांना भेटला.

त्या संध्याकाळी पप्पा ओट्याजवळ येऊन उभे राहिले. आई पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्चीत बसून कांदा चिरत होती.

"घाटात वास येतो म्हनं गाडीला."

"येतो," आई म्हणाली.

"कवापासून?"

"झाले आठ-दहा दिवस."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. गाडीची किल्ली घेऊन ते कळंबच्या चौकापर्यंत गेले आणि परत आले. मग पुन्हा मंचरपर्यंत गेले आणि परत आले. गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा निवांत होता.

"गाडीत काय न्हाई," ते मला म्हणाले. "तू हाफ क्लचवर चालवतीस. चढाला भ्या वाटतं, म्हून पाय ठेवून बसतीस. मंग जळनार न्हाईतर काय हुईल?"

ते मला कितीतरी वेळ समजावत राहिले. ट्रॅक्टर चढावर घेताना पाय कुठे ठेवतात, माझ्या चुलत्यांनी ट्रॅक्टर नवीन असताना एका हंगामात क्लच कसा घालवला होता, बायकांच्या चपला कशा जाड असतात आणि त्यामुळे पायाला पेडल कळतच नाही. मी मान हलवत होते. खरंच मी पाय ठेवत असेन का, हे मला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. घाटात माझं लक्ष वळणांवर असायचं, पायाकडे कोण बघणार.

दुसऱ्या दिवशी ते गाडी मंचरच्या गॅरेजला घेऊन गेले. मीही सोबत होते, पण मला कुणी काही विचारलं नाही. सगळी विचारपूस पप्पांकडे चालली होती. मेकॅनिकने गाडी जागेवर उभी करून जोरजोरात रेस केली, वाकून बघितलं, वास घेतला. काही नाही. मग तो म्हणाला की फॅनबेल्ट जुना झालाय, तो घासला तर असा वास येतो, बदलून टाकू. बदलला. निघताना पप्पांना म्हणाला, "भाऊ, ताईंना जरा क्लचचंबी सांगा." दोघं हसले. मी भिंतीला लावलेल्या जुन्या टायरांच्या चळतीकडे बघत उभी राहिले.

नव्या बेल्टनेही घाटात वास आलाच.

मग मी ठरवलं, पायाचं काय ते एकदा नक्की करायचं. घाट लागण्याआधी थांबून मी चपला काढून सीटखाली सरकवल्या. डावा पाय प्रत्येक गिअर टाकून झाला की मागे, अगदी सीटला टेकेपर्यंत ओढून घ्यायचा. अनवाणी तळव्याला खालची रबरी मॅट खरखरीत लागायची, त्यामुळे पाय कुठे आहे ते मला वळणावरही कळायचं. दोन दिवस असं चालवलं. वास दोन्ही दिवस आला.

म्हणजे क्लच नव्हता. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. क्लच असता तर पाय सुधारता आला असता. आता काय जळतंय तेच माहीत नव्हतं, आणि मागे आई बसलेली. मी रोज घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात नेऊन बघायला लागले. चाकं गरम नव्हती, म्हणजे ब्रेक धरत नव्हते. वास पुढे कमी आणि मागे जास्त होता, हेही तेव्हाच लक्षात आलं. बॉनेटमध्ये तर जवळजवळ नव्हताच. मी हे पप्पांना सांगितलं नाही. सांगताना माझा आवाज कसा होतो ते मला माहीत होतं. पहिल्या अर्ध्या वाक्यानंतर तो बारीक होतो आणि समोरच्याला वाटतं ही कबुलीच देतेय.

शेवटी पप्पाच म्हणाले, "परवा मी येतो बरूबर. बघू दे, पाय कुठं आसतो ते."

आदल्या दिवशी परतताना धरणाच्या कडेला आईने गाडी थांबवायला सांगितली. तिला पाय मोकळा करायचा होता. दार उघडं ठेवून ती बाहेर पाय सोडून बसली. समोर पाणी काठोकाठ भरलेलं होतं.

"उद्या वास आला तर ते ऐकणार नाहीत," ती म्हणाली.

"क्लच नाहीये आई. मी बघितलं."

"मला माहीत आहे. मला मागून तुझा पाय दिसतो." मग, पाण्याकडे बघतच, "घरी बसले तर गुडघा सुधारेल गं. मी बिघडेन."

तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पप्पा धुतलेला सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून पुढच्या सीटवर बसले, जणू कुणाच्या तरी लग्नाला निघालो होतो. घोडेगावपर्यंत ते रस्त्यावरच्या प्रत्येक शेताबद्दल बोलत होते. कुणाचा कांदा आगाप म्हणजे लवकरचा आहे, कुणी ऊस तोडून बटाटा लावला. शिनोलीच्या पुढे मी एका म्हशीसाठी जरा जोरात ब्रेक दाबला.

"बाई, तुमच्या पोरीला लायसन देनाऱ्या सायबाचा सत्कार केला पायजे," पप्पा म्हणाले.

"शिकवणाऱ्याचा आधी करू," आई मागून म्हणाली.

घाटाच्या पायथ्याला मी थांबले आणि चपला काढल्या. पप्पांनी ते पाहिलं आणि दाराच्या वरचा दांडा धरला.

एक वळण. दुसरं. मला वाटत होतं, आज नेमका येणार नाही, आणि मग ते म्हणतील, बघ, मी बसलो तर नीट चालवलीस. तिसऱ्या वळणाला वास आला. पप्पांनी नाक आक्रसलं. मान खाली घालून माझ्या पायाकडे बघितलं. पाय मॅटवर होता, पेडलपासून वीतभर लांब.

"पाय उचल," ते म्हणाले.

मी पाय उचलून गुडघा जवळ घेतला. गाडी चढतच राहिली. वास वाढला.

"घे कडंला. मी बसतो."

आम्ही जागा बदलल्या. पप्पांनी गाडी काढली, खालच्या गिअरला ताणली, आणि पुढच्या दोन वळणांत वास असा भरला की आईने पदर नाकाला लावला.

"आहो," ती पदराआडून म्हणाली, "तुमचा पण पाय क्लचवर आहे का?"

पप्पांनी गाडी थांबवली. खाली उतरले, बॉनेट उघडलं, आत तोंड घातलं, परत बंद केलं. गाडीभोवती फिरले. टोपी काढून पुन्हा घातली. पहिल्यांदाच मला त्यांच्याकडे बघून वाटलं की त्यांनाही माहीत नाही बॉनेटमध्ये काय बघायचं असतं.

"मागून येतोय," मी म्हणाले. "आईच्या सीटखालून."

त्या आठवड्यात त्यांची कंबर धरली होती, खाली वाकवत नव्हतं. ते वाकायला लागले तेवढ्यात मी डिकीतलं गोणपाट काढून मागच्या चाकाजवळ पसरलं आणि त्यावर आडवी झाले. रस्त्यावरून भीमाशंकरच्या गाड्या जात होत्या. एका गाडीतून कुणीतरी काहीतरी ओरडलं. एरवी अशा ठिकाणी नुसतं उभं राहायलाही मला नको वाटायचं. पण खाली आडवी झाल्यावर माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता, आणि मला ते बरं वाटलं.

गाडीच्या पोटाखालून सायलेन्सरचा पाइप मागपर्यंत गेला होता. एका जागी त्याच्याभोवती काळं काहीतरी गुंडाळलेलं होतं. वरचा थर अजून धड होता. खालचा वितळून पाइपला डांबरासारखा चिकटला होता आणि त्यातून बारीक धूर निघत होता. कड मात्र ओळखू येत होती. सरळ, कात्रीने कापलेली, दोन बोटं रुंद. गाठही ओळखू येत होती.

आमच्या घरी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कधी फेकली जात नाही. पप्पा तिच्या लांब पट्ट्या कापून खुंटीला लावून ठेवायचे आणि काहीही सुटलं, फुटलं, गळलं, हललं की पट्टी. मोटारीच्या पाइपाला पट्टी, ठिबकच्या नळीला पट्टी, खुरप्याच्या मुठीला, फाटकाच्या कडीला, आजारपणात आणलेल्या खाटेच्या पायाला पट्टी. ताणून वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखालून ओढून घ्यायचं. ती गाठ सुटत नाही, कापावी लागते. आमच्या भागात दहा घरांत जाल तर नऊ घरांत ती दिसेल. त्यांच्या लेखी ही दुरुस्ती नव्हतीच, बैलाला चारा टाकावा तशी ती रोजची गोष्ट होती, आणि म्हणूनच गाडीला काय काय केलं हे आठवताना ती आठवली नव्हती.

"काय दिसतंय?" वरून पप्पांचा आवाज आला. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते.

माझ्या तोंडात बरंच काही आलं. पंधरा दिवसांचं.

"ट्यूब," मी म्हणाले.

पाय हलले नाहीत. एक जीप वरून खाली आली आणि थांबल्याचा आवाज आला. तरी पाय हलले नाहीत.

"किती पट्ट्या हायेत?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"तीन पायजेत," ते म्हणाले. आणि मग, हळू आवाजात, "म्हंजे एक गेली जळून."

मी बाहेर आले. थांबलेली जीप त्याच ड्रायव्हरची होती. प्रवाशांना आतच ठेवून तो उतरून आमच्याकडे येत होता.

"काय झालं भाऊ? क्लच ना? मी सांगितलं व्हतं."

पप्पा माझ्याकडे बघत नव्हते, आईकडेही नाही. मला वाटलं, आता ते म्हणतील, काही नाही, चाललंय. तसं म्हणणं सोपं होतं, आणि मी ते ऐकून घेतलं असतं.

"क्लच चांगलाय," ते म्हणाले. "मीच सायलेन्सरला ट्यूब बांधली व्हती. शेतातल्या चरात आदळून त्याची टांगायची रिंग तुटली, तवा."

"सायलेन्सरला ट्यूब?" ड्रायव्हर हसायला लागला. "राव, चुलीला कापूस लावल्यावानी झालं की."

"मंग कंपनी काय लावती? कंपनीबी रबरच लावती. ती रिंग कशाची आसती?"

"रिंग लांब हुकाला आसती भाऊ, पाइपाला न्हाई. तुमी पाइपालाच लुगडं नेसवलं."

"म्हून तर सपाटीला कळलं न्हाई. मंचरपत्तुर पाइप तापतच न्हाई."

जीपमधले लोकही आता मान बाहेर काढून यात पडले. एकाचं म्हणणं होतं की ट्यूब चालते, पण दुहेरी लावायला नको होती. पप्पा हिरिरीने बोलत होते, त्यांचा चेहरा पुन्हा खुलला होता. डिकीतून त्यांनी टोमॅटो बांधायच्या तारेचं वेटोळं आणि पक्कड काढली. मी परत खाली आडवी झाले. पट्ट्या पकडीने तोडून ओढून काढल्या, बोटाला एक चटका बसला. पप्पा वरून सांगत होते, तार कुठून घालायची आणि किती पीळ द्यायचा. या वेळी त्यांनी सांगितलं तसंच मी केलं, फक्त एक पीळ मी उलटा दिला, कारण सुलटा बसत नव्हता.

"आहो," आई मागच्या सीटवरून म्हणाली, "माझी पोरं दारात उभी असतील. भांडण दिवाळीच्या सुट्टीत करा."

पप्पांनी पक्कड डिकीत ठेवली. जीप खाली घोडेगावला चालली होती. ते तिच्याकडे निघाले.

"मी ह्यांच्याबरूबर जातो. मंचरातनं रिंग आनतो. तुमी व्हा पुढं."

ड्रायव्हरने त्यांच्यासाठी पुढची सीट रिकामी करवली. जीप वळणाआड गेली तरी त्या दोघांचा वाद ऐकू येत होता. मी हाताला माती, कपड्यांना तेल अशी स्टेअरिंगवर बसले. वरच्या चढाला वास आला नाही. तार मात्र पाइपवर खुळखुळ वाजत राहिली, आणि मी आता त्या आवाजाकडे कान लावून बसले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, निसटली. आई म्हणाली, जरा जोरात चालव. शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपून गेली होती आणि स्कॉलरशिपची तिघं पाटी-पुस्तकं घेऊन हिरड्याखाली बसलेली होती.

रिंग त्याच आठवड्यात बसली. त्या प्रकाराबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. पण दिवाळीबद्दलही कुणी बोलेना, आणि ते मला जास्त टोचत होतं. फराळाची भाजणी झाली, सुट्टी लागली, पाहुणे येऊन गेले. मी रोज वाट बघत होते की पप्पा विषय काढतील. आई स्कॉलरशिपच्या सरावाचे पेपर काढत बसायची. तिने पुढच्या महिन्याचेही काढले. ते बघून मला तिची काळजी वाटायची.

शाळा उघडली त्या सकाळी मी बाहेर आले तर गाडी शेडमधून काढून, तोंड रस्त्याकडे करून उभी होती. पप्पा ओल्या फडक्याने मागची काच पुसत होते. आईने डब्याची पिशवी सीटवर ठेवली, दाराला धरून हळूच आत बसली, पाय लांब केला, आणि मग त्यांना म्हणाली, "मग, जाऊ ना?"

त्यांनी फडकं पिळलं.

"मला काय इचारताय बाई," ते म्हणाले. "डायवरला इचारा."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी स्टेअरिंगवर बसून किल्ली फिरवली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.